यंत्राने गाळलेला सॅक्सोफोन

बर्मिंगहॅममधल्या निम्म्या माणसांना माझ्या थोरल्या दिरांनी कधी ना कधी झोपवलेलं आहे, आणि उरलेल्या निम्म्यांची झोप उडवलेली आहे. पहिलं काम त्यांनी पोटासाठी केलं. ते भूलतज्ज्ञ. छत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये लोकांच्या उशाशी बसून त्यांनी त्यांना दहापासून उलटे आकडे मोजायला लावले. कोणी पाचच्या खाली पोचलं तर त्यांना तो स्वतःचा अपमान वाटे. दुसरं काम त्यांनी निव्वळ हौसेने केलं. त्यांच्याकडे जॅझच्या रेकॉर्ड्स आहेत. जॅझ म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे मंद दिवे, काळा झगा आणि ग्लासातले बर्फाचे खडे येतात, त्यांनी तसं काही समजू नये. दिरांचा जॅझ तो नव्हे. त्यात चाल नसते. ठेका असलाच तर तो बाकीच्यांना सांगितलेला नसतो. वाजवणारे पाच जण असतील तर ते पाच वेगवेगळ्या घरांत बसून, एकमेकांना न कळवता वाजवत असावेत असं वाटतं. आणि अचानक, सतराव्या की अठराव्या मिनिटाला, पाचही जण एकाच वेळी गप्प होतात. त्या शांततेसाठी मी ही रेकॉर्ड घेतली, असं दीर सांगतात. आम्ही सगळे मनातल्या मनात म्हणतो की शांतता आमच्या घरी फुकट होती.

ही लागण त्यांना तरुणपणी यॉर्कशरमध्ये झाली. भारतातून नुकतेच आलेले, हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये राहणारे, हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो त्याचं काय करायचं असतं हे कोणाला विचारावं ते न कळणारे एकटे डॉक्टर. चर्चच्या हॉलमध्ये जुन्या वस्तूंची विक्री होती, तिथून त्यांनी एक रेकॉर्ड प्लेयर आणला. त्याच्यावर आधीच्या मालकाची एक तबकडी तशीच राहिलेली होती. दिरांनी ती लावली. दुसरी नव्हती म्हणून सहा महिने तीच लावली. उन्हाळा आला तोवर ती त्यांना पाठ झाली होती, आणि आवडायलाही लागली होती. मग चहाला आलेल्या एका वेल्श सहकाऱ्याने दाखवून दिलं की तबकडी तेहतीसच्या वेगाची आहे आणि प्लेयरचा खटका पंचेचाळीसवर आहे. दिरांनी खटका सरकवला आणि तीच रेकॉर्ड पहिल्यांदा बरोबर वेगाने ऐकली. "बरी आहे," ते म्हणाले, "पण आता ते लोक विचार करून वाजवतायत असं वाटतं." माझा नवरा म्हणतो की योग्य वेगानेसुद्धा तितकंच चुकीचं वाजणारं काहीतरी शोधत दादा गेली चाळीस वर्षं हिंडतोय.

हिंडतात हे खरं. कुठल्या तरी गावच्या कम्युनिटी हॉलमध्ये रेकॉर्ड्सचा बाजार भरला की दीर भल्या पहाटे डबा घेऊन निघतात. तिथे जमिनीवर ठेवलेल्या खोक्यांपुढे गुडघे टेकून बसतात आणि पत्त्यांसारख्या रेकॉर्ड्स पुढे-मागे करत राहतात. त्यांच्यासारखेच आणखी दहा-बारा म्हातारे असतात, सगळ्यांच्या पाठी दुखत असतात, कोणी कोणाशी बोलत नाही. संध्याकाळी दीर परत येतात ते एखादी डच, एखादी नॉर्वेजियन, एखादी शिकागोची अशा दोन-तीन घेऊन. एकीचं कव्हर ड्रम वाजवणाऱ्याने स्वतः बटाट्याचे ठसे मारून छापलेलं आहे. एक रेकॉर्ड डेन्मार्कमधल्या कुठल्याशा गोठ्यात झालेली आहे. एकटा माणूस बास वाजवतो, आणि अकराव्या मिनिटाला वरच्या तुळईवरून एक कबुतर फडफडत उडतं. दिरांच्या मते त्या रेकॉर्डवर कबुतराइतकं वेळेवर कोणीच आलेलं नाही.

माझ्या सासूबाई एकदा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. मुलगा काय ऐकतो ते बघू म्हणून एक अख्खी बाजू शांतपणे बसून ऐकली. सुई उचलल्यावर विचारलं, "का रे बाळ, यातलं कोणी आजारी आहे का?"

"आई, सगळेच."

"मग तू काही देत का नाहीस त्यांना?"

इतका समजून घेणारा श्रोता पुन्हा भेटला नाही असं दीर अजून म्हणतात.

घरातली सगळ्यात चांगली, बागेकडची खोली या रेकॉर्ड्सना दिलेली आहे. जेवायला येणारे पाहुणे स्वयंपाकघरात कोपर कोपराला लावून जेवतात. वहिनी, म्हणजे माझ्या जाऊबाई, इथल्या भाषेत जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर होत्या. प्रत्येक पेशंटला दहा मिनिटं, या शिस्तीत त्यांची हयात गेली. प्रत्येक नव्या रेकॉर्डलाही त्या दहा मिनिटं देतात. मोजून दहा मिनिटं खुर्चीत बसतात, "दुखतंय कुठे ते समजलं, उपाय माझ्याकडे नाही," म्हणतात आणि उठून कणीक मळायला जातात.

बाकीच्यांना इतकी सहज सुटका नसते. रेकॉर्ड लावण्यापूर्वी दीर कोपरापर्यंत हात धुतात, ऑपरेशनला धुवावेत तसे, आणि पाणी निथळायला हात वर धरून खोलीत येतात. मग श्रोत्याची तपासणी. "शेवटचं कधी खाल्लंस?" हा पहिला प्रश्न, कारण खोलीत चिवडा चालत नाही आणि पोटातला आवाजही त्यांना चालत नाही. बांगड्या, घड्याळ काढून ठेवायचं. फोन बाहेर. मग ते एक तक्ता काढतात. भूल दिलेल्या पेशंटची दर पाच मिनिटांनी नोंद ठेवायचा छापील तक्ता असतो, तसाच त्यांनी हाताने आखलेला. डाव्या बाजूला रेकॉर्डचं नाव, वर मिनिटं, आणि मध्ये श्रोत्याची अवस्था. माझ्या नवऱ्याचा तक्ता मी वाचलेला आहे. 'पाचव्या मिनिटाला छताकडे पाहिले. दहाव्याला पाय हलवला, ठेक्यात नव्हे. पंधराव्याला कौन्सिल टॅक्सविषयी विचारले.' माझ्या तक्त्यावर एकच नोंद आहे. आठवडाभर कामाने पिचून गेलेली मी चौथ्या मिनिटाला घोरायला लागले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण जागी झाले तर दीर माझ्याकडे कौतुकाने बघत होते. "या रेकॉर्डवर झोपलेली तू पहिली," ते म्हणाले. "आणि औषधाशिवाय."

शेजारी एक निवृत्त बसड्रायव्हर राहतात, अत्यंत सभ्य गृहस्थ. एका डिसेंबरात ते दारात आले, टोपी काढली, दोनदा हवामानाबद्दल बोलले आणि मग म्हणाले की दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची आपली पद्धत नाही, पण तुमचा बॉयलर फार दिवस टिकेलसं दिसत नाही. दिरांनी त्यांना आत नेलं आणि उरलेली बाजू ऐकवली. दोन वर्षांनी घर गरम ठेवणारा तो बॉयलर खरोखरच धडधडून, कण्हून, शिट्टी मारून बंद पडला. तेव्हा वहिनींना वाटलं नवी रेकॉर्ड आली, आणि दिरांना वाटलं वहिनींनी आपण होऊन एखादी लावली. ते सुखावून वरच्या खोलीत बसून राहिले. दोन दिवस घर गारठलं तेव्हा उलगडा झाला.

असं हे सुखाने चाललं होतं. मग दिरांचं आवाजावरून बिनसायला लागलं. नवी सुई आणली, ती बोथट निघाली म्हणाले. दुसरी आणली, तीही तशीच. मग वायरी बदलल्या, स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे आणले, गालिचा काढला, पुन्हा घातला. रेकॉर्ड्सच झिजायला लागल्या असतील अशी शंका त्यांना येऊ लागली. "सगळ्यांवर सायीसारखं काहीतरी धरलंय," ते म्हणायचे.

कान तपासणं हे माझं रोजचं काम आहे. हॉस्पिटलच्या ऑडिओलॉजी विभागात मी वीस वर्षं आहे, आणि तरी माझ्या लक्षात आलं नाही. घरच्या माणसाचं बोलणं आपण ऐकतो, तो आपलं कितपत ऐकतोय ते बघत नाही. वहिनी भाच्याच्या मुलाच्या मुंजीला पुण्याला गेल्या होत्या, म्हणून मी डबा घेऊन दिरांकडे गेले. दार उघडताच जिन्यावरचा स्मोक अलार्म टिवटिवला. बॅटरी संपत आली की तो मिनिटा-मिनिटाला टिवटिवतो, बारीक, तीक्ष्ण, डोक्यात जाणारा आवाज.

"भाऊजी, हे कधीपासून वाजतंय?"

"काय?"

"हे."

"हे म्हणजे कुठलं?"

आम्ही दोघं अलार्मच्या बरोबर खाली जाऊन उभे राहिलो. तो तीनदा वाजला. तीनही वेळा दिरांनी अलार्मकडे न बघता माझ्याकडे बघितलं. मी खुर्ची आणली, बॅटरी बदलली, आणि खाली उतरून त्यांच्यासाठी अपॉइंटमेंट घेतली.

नात्यातल्या माणसाला आपण तपासू नये, म्हणून तपासणी माझ्या सहकारिणीने केली. ऑडिओग्राम आला तो माझ्या अपेक्षेप्रमाणे आला. खालचे सूर ठीक, मधले जेमतेम, आणि उंच सुरांकडे गेल्यावर रेषा घसरगुंडीवरून सुटावी तशी खाली गेलेली. दिरांनी चष्मा लावून तो कागद नीट बघितला, घडी घातली आणि खिशात ठेवला. "म्हणजे सुया चांगल्या होत्या," एवढंच म्हणाले.

दोन्ही कानांना यंत्रं बसवली. पहिल्या दिवशी ते थक्क झाले. गाडीचा इंडिकेटर टिकटिकतो, वर्तमानपत्र चुरचुरतं, आणि बायको जिना उतरताना बोलते.

"ही पायऱ्यांवर इतकं बोलते हे मला ठाऊकच नव्हतं."

"चाळीस वर्षं बोलतेय," वहिनी म्हणाल्या. "तेव्हा तर कान धडधाकट होते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मला हॉस्पिटलमध्ये फोन आला. "अगं, तुझ्या यंत्राने माणूस गाळला."

"कोण माणूस?"

"सॅक्सोफोनवाला. तो श्वास घेतो तो ऐकू येतो. अगदी स्वच्छ. त्यानंतर त्याने काय वाजवलं ते येत नाही. पुन्हा श्वास घेतो. पुन्हा गायब."

मी त्यांना समजावून सांगितलं. या यंत्रांना मुळात माणसाचं बोलणं ऐकवायला बनवलेलं असतं. बोलणं पुढे आणायचं, बाकीचा कलकलाट मागे ढकलायचा. शिवाय एखादा बारीक सूर लांबत गेला, की यंत्राला वाटतं आपणच शिट्टी मारायला लागलो, आणि ते घाईघाईने तो सूर दाबून टाकतं. यंत्राच्या हिशोबाने ते बरोबरच वागत होतं. यंत्रं काढून ऐकलं तर सॅक्सोफोन लांबून, दोन भिंतींपलीकडून आल्यासारखा यायचा, आणि झांजा तर नाहीतच.

रविवारी सगळे जेवायला जमलो तेव्हा या गोष्टीवर आम्ही पोट धरून हसलो. माझा नवरा म्हणाला, "दादा, आम्ही सांगून थकलो, आता शास्त्रानेच निकाल दिला." दिरांची मुलगी इरा केंब्रिजला असते, ती व्हिडिओवर होती. तिचा जन्म इथलाच. ती ओरडली, "बाबा, फायनली! मशीन पण माझी साइड घेतली!" दीरही हसले. एरवी अशा वेळी ते सुरी-काटा खाली ठेवून तासभर वाद घालत. त्या दिवशी हसले आणि कोशिंबीर वाढून घेतली. तिथे मला कळायला हवं होतं.

त्यानंतर बागेकडच्या खोलीचं दार बंद राहायला लागलं. दीर स्वयंपाकघरात येऊन बसू लागले. टीव्हीवरचे केक करायचे कार्यक्रम बघायचे, आणि वहिनींना फोडणीत मोहरी किती सेकंद ठेवावी ते सांगायचे. मसाल्याच्या बाटल्या त्यांनी उंचीप्रमाणे लावल्या. चाळीस वर्षांत ज्या माणसाला जेवायला तीनदा हाक मारावी लागायची, तो आता ताटं घ्यायच्या आधी येऊन बसत होता.

मग संक्रांत आली. वहिनींचं हळदीकुंकू दर वर्षी मोठं असतं. पार सॉलिहलपासून बायका येतात, कोटाखाली जरीच्या साड्या आणि पायात बूट. वाण म्हणून वहिनींनी भांडी पुसायचे टी-टॉवेल आणले होते. मी तिळगूळ वाटत होते, तेवढ्यात दीर आतून आले. हातात रेकॉर्ड्सची चळत. प्रत्येक बाईपुढे थोडे वाकून त्यांनी एक-एक रेकॉर्ड तिच्या हातात दिली.

"अहो, हे काय?" वहिनी.

"वाण. टॉवेलबरोबर असू द्या."

"अहो, पण—"

"आपल्याकडे आता कोणी वापरत नाही. कोणाच्या तरी घरी वाजेल."

एका बाईंनी बटाट्याचे ठसे मारलेलं कव्हर उलटंपालटं करून बघितलं. "डॉक्टर, भजनं आहेत का हो?"

"एका अर्थी," दीर म्हणाले, आणि पुढच्या बाईकडे वळले.

बायका गोंधळल्या, पण वाण म्हणून दिलेलं परत कसं करायचं? सगळ्यांनी पिशवीत ठेवलं. दीर रिकाम्या हातांनी आत गेले. वहिनी मिनिटभर हळदीकुंकवाचं तबक धरून तशाच उभ्या राहिल्या. मग तबक माझ्या हातात दिलं, जाऊन पुढच्या दाराशी उभ्या राहिल्या, आणि निघणाऱ्या प्रत्येक बाईच्या पिशवीतून रेकॉर्ड काढून घेतली. "राग मानू नका, चुकून दिलं. ते यांचं औषध आहे, यांना लागतं." टी-टॉवेल, तिळगूळ राहू दिला. सवाष्णीच्या पिशवीतून वाण परत काढून घेणारी बाई मी तरी दुसरी बघितलेली नाही. एक जण लवकर निघून गेली होती. तिच्याकडे कबुतराची रेकॉर्ड गेली होती. दुसऱ्या दिवशी बर्फाच्या चिखलातून गाडी काढून वहिनी सॉलिहलला गेल्या आणि ती घेऊन आल्या.

तिथून थेट माझ्याकडे आल्या. कोटसुद्धा काढला नाही.

"मला तो गोंगाट परत हवाय," म्हणाल्या.

"वहिनी, तुम्हीच तर—"

"मी म्हणायचे. अजूनही म्हणेन. पण आता घरात फ्रिज ऐकू येतो, कळलं? दुपारभर फ्रिज. आणि हे शेजारी बसून मला विचारतात, जिरे कधी घालायचे. मी डॉक्टर आहे, अशी माणसं मी बघितलीत. आधी एक खोली बंद करतात, मग दुसरी." त्यांनी रुमालाने चष्मा पुसला. "तू ती यंत्रं नीट कर. नाहीतर वीस वर्षं पगार कशाचा घेतेस?"

सहकारिणीला सांगून मी दिरांच्या यंत्रांचं काम स्वतःकडे घेतलं आणि दर शनिवारी दुपारी लॅपटॉप घेऊन जायला लागले. पहिल्या दिवशी त्यांना त्या खोलीत न्यायलाच अर्धा तास लागला. "राहू दे गं. चाळीस वर्षं ऐकलं, पुरे झालं," ते म्हणत होते. मी म्हटलं, "भाऊजी, आज मी डॉक्टर आणि तुम्ही पेशंट. शेवटचं कधी खाल्लंत?" ते उठले आणि हात धुवायला गेले.

काम सोपं वाटलं होतं. यंत्राचे हुशार भाग एक-एक करून बंद करायचे. गोंगाट दाबणारा भाग बंद, शिट्टी पकडणारा बंद, मोठे आवाज आवळणारा शक्य तितका ढिला. पण कुठे किती सोडायचं हे आलेखावरून कळत नव्हतं. पेशंटला मी विचारते, माझा आवाज पोकळ वाटतो का, घोगरा वाटतो का. इथे प्रश्न माझ्या आवाजाचा नव्हता. दीर म्हणायचे, "चौथ्या मिनिटाला तो वर जातो तेव्हा त्याच्या सुराला पत्र्याची कड असते. ती नाहीये." ती कड रेकॉर्डमध्ये आहे आणि त्यांच्या कानात येत नाही, की मुळातच नाही, हे ठरवायला मला ती आधी ऐकायला हवी. म्हणजे मला ऐकावं लागलं. झोपून चालणार नव्हतं.

फेब्रुवारीतल्या त्या दुपारी होत्या. बागेत कोणी नाही, झाडांवर पान नाही, खिडकीत दुधात पाणी घातल्यासारखा उजेड. तबकडी फिरायची, तिच्यावर खिडकीची एक लांबट रेघ जागच्या जागी थरथरत राहायची. बास सुरू व्हायचा, कोणीतरी दूरच्या खोलीत जड कपाट सरकवतंय तसा. मग सॅक्सोफोन. मी कागदावर लिहायचे, 'गंजलेलं फाटक. लहान मूल रडायच्या बेतात. किटली.' दीर वाचून मान हलवायचे. "किटली बरोबर. कुठल्या मिनिटाला?" अशा तीन-चार शनिवारांनंतर एकदा मी लिहायचं विसरले. मला वाटायला लागलं की मी एका पाणी काढून टाकलेल्या पोहण्याच्या तलावात उभी आहे, पांढऱ्या फरशा, वर काचेचं छप्पर, आणि कोणीतरी काठावरून अनवाणी चालतंय, माझ्याकडे नाही, नुसतंच चालतंय. ते पाय थांबू नयेत असं मला वाटत होतं. बाजू संपल्यावर भानावर आले तर लॅपटॉपचा पडदा काळा झाला होता. दीर म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "बॅटरी." त्यांनी त्यांच्या तक्त्यावर काहीतरी लिहिलं. मी वाचायला गेले नाही.

बरंच काही परत आलं, हे मी व्यवसाय म्हणून सांगते. पत्र्याची कड आली. ड्रमवरचे ब्रश आले. कबुतर आलं त्या दिवशी दिरांनी वहिनींना ओरडून हाक मारली, आणि त्या पिठाच्या हातांनी धावत आल्या. त्यांना वाटलं पडले. "कबुतर!" दीर म्हणाले. वहिनी पिठाचे हात तसेच धरून कबुतर संपेपर्यंत दारात थांबल्या.

पण सगळ्यात उंच सूर आले नाहीत. कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या एकदा मेल्या की मेल्या. तिथपर्यंत कितीही मोठा आवाज नेऊन पोचवला तरी घ्यायला कोणी नसतं. मार्चच्या पहिल्या शनिवारी मी यंत्राचा उंच सुरांचा भाग शेवटपर्यंत वाढवून बघितला, आणि दिरांना फक्त टोचल्यासारखं झालं. मी लॅपटॉप मिटला. पेशंटना सांगते तसंच सांगितलं.

"भाऊजी, याच्या वरचं परत येणार नाही. या यंत्राने नाही, दुसऱ्या कुठल्याही नाही."

"किती गेलं?"

"झांजांची चमक. सॅक्सोफोनचं अगदी टोक."

"बास?"

"बास शाबूत आहे."

"कबुतर?"

"कबुतर राहील. बरीच वर्षं राहील."

त्यांनी मान डोलावली. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलून बाहेर आलेला डॉक्टर मान डोलावतो तशी, कोणासाठी नाही, स्वतःसाठी. मग उठून गुडघ्यांवर हात टेकत खालच्या फळीशी बसले आणि एक रेकॉर्ड काढली, मला न दाखवता लावली.

ही मी ऐकलेली नव्हती. बऱ्याच वेळाने एक-एक वाद्य गळत गेलं. ड्रम थांबले, बास थांबला. उरला तो एकटा सॅक्सोफोन, एकच सूर धरून, आणि तो सूर चढत गेला. चढताना बारीक होत गेला, इतका की त्याच्यात वाजवणाऱ्याचा श्वाससुद्धा राहिला नाही. दीर डोळे मिटून ऐकत होते. मध्येच त्यांनी डोळे उघडले. त्यांच्यासाठी सूर तिथे संपला होता.

"आहे?" त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आहे."

तो अजून चढत होता. दाराशी वहिनी चहा घेऊन उभ्या होत्या, कधी आल्या मला कळलं नाही.

"आहे?"

मी नुसती मान डोलावली, बोलायचा धीर होईना. बोलले तर माझ्याच आवाजाखाली तो बुडाला असता. तो धाग्याएवढा झाला, मग धाग्याच्या टोकाएवढा. मग सुईची खरखर तेवढी राहिली.

"संपला," मी म्हणाले.

दिरांनी हात वर करून मला थांबवलं. डोळे पुन्हा मिटले.

"नाही," ते म्हणाले, "अजून थोडा आहे."

सुई आतल्या वळणात फिरत राहिली. वहिनींनी ट्रे खाली ठेवला नाही. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे, आणि तो सूर संपेपर्यंत आम्ही दोघी थांबलो.